हवेचं अ‍ॅप सांगलीत कितपत चालतंय: ५ पैकी ३

हवेत प्रदूषण किती ते दाखवणारं अ‍ॅप. फुकट आहे, मराठी नाही पण नकाशा बघून समजतं, म्हणून तीन स्टार. अ‍ॅपचं नाव मुद्दाम घेत नाही कारण असली बरीच आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या पोटात एकच माल, युरोपच्या कॉपरनिकस ह्या सॅटेलाइट कार्यक्रमाचं कॅम्स नावाचं हवेचं मॉडेल. म्हणजे आपल्या चौकात मशीन बसवून मोजलेला आकडा नाही हा, सॅटेलाइटची मापं, वारा, गाड्या-कारखान्यांच्या धुराचा हिशोब सगळं कॉम्प्युटरात घालून काढलेला पुढच्या ५ दिवसांचा अंदाज, दिवसातनं दोनदा नवीन येतो.

लांबनं येणारं झकास दाखवतंय. जानेवारी २०२२ ला पाकिस्तानकडनं धूळ येऊन मुंबई-पुणं धुरकट झालेलं आठवतंय का, तसलं काही यायचं असलं की धुळीचा लेयर लावून प्ले दाबा, समुद्रावरनं सरकताना दिसतं. थंडीतल्या सकाळचं पण बरं पकडतंय, गार हवा खाली बसून राहते आणि धूर वर जातच नाही. आईला दमा आहे, तिचं फिरणं आता ऊन वर आल्यावर.

पण गळीत हंगामात ह्याच्यावर विसंबू नका!! मॉडेलचा एक चौकोन साधारण ४० किलोमीटरचा, त्यात सांगली, मिरज, जयसिंगपूर आणि मधली शिवारं सगळ्यांना मिळून जवळपास एकच आकडा. शेजारच्या रानात ऊसतोड झाली, संध्याकाळी पाचट पेटवलं, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख, आणि अ‍ॅप म्हणतंय मध्यम. आगीचा हिशोब सॅटेलाइटला दिसलेल्या उष्णतेवरनं होतो आणि ते दिवसात मोजक्याच वेळा डोक्यावरनं जातं, मग घटकाभरात जळून गेलेलं एकरभर पाचट त्याला कुठनं दिसायचं. वीटभट्टी, गुऱ्हाळ तर सोडाच. तेव्हा खिडकी उघडून वास घ्या, ते जास्त खरं.

अजून एक, रंगाला फसू नका. पीएम २.५, म्हणजे हवेतले एकदम बारीक कण, समजा घनमीटरला ४५ मायक्रोग्रॅम आहेत, तर आपल्या सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या) तक्त्यात ते ‘समाधानकारक’ आणि अमेरिकेच्या तक्त्यात दमेकऱ्यांना वाईट. हवा तीच ओ. डब्ल्यूएचओ तर २४ तासाला १५ च्या वर जाऊ देऊ नका म्हणतंय, आपला नियम ६० चा. सेटिंगमध्ये जाऊन मायक्रोग्रॅममध्ये आकडा लावा, रंग बघूच नका.

अ‍ॅपच्या नकाशातला ओझोन वायूचा लेयर कोणी उघडत नाही, शेतकऱ्यांनी उघडावा. गाड्यांचा धूर आणि कडक ऊन एकत्र आलं की जमिनीलगत तो तयार होतो, दुपारी जास्त, आणि गहू-सोयाबीनचा उतारा त्यानं घटतो. आपण खतावर आणि बियाण्यावर खापर फोडत बसतो. अर्थात इथंही एका रानाचा आकडा मागू नका, हंगामभराचा कल तेवढा बघा.

विजेट लावू नका, बॅटरी लई खातंय.