लाइन झकास, पण राउटरची किल्ली कंपनीकडे

कोल्हापुरात शाहूपुरीत आमचं फ्लेक्स आणि डिजिटल प्रिंटिंगचं दुकान. घरगुती प्लॅन सोडून बिझनेस ब्रॉडबँड घेतलं ते अपलोडसाठी. त्या बाबतीत तक्रार नाही. लग्नसराईतही गिऱ्हाइकाला प्रूफ चहा यायच्या आत जातं.

राउटर कंपनीचा, सांभाळायचाही त्यांनीच. बिघडला तर बदलून देतात, फुकट. पण अ‍ॅडमिन पासवर्ड आपल्याला मिळत नाही. दुकानाच्या डीव्हीआरसाठी (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) एक पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडायचा तरी कंपनीकडे तिकीट (विनंती) टाका, मग वाट बघा. एकदा रात्री त्यांनी तिकडूनच अपडेट मारलं. सकाळी नेट चालू, पण प्लॉटर (मोठं छपाई मशीन) गायब! बघतो तर दुकानातल्या मशीनचे नेटवर्कमधले पत्ते 192.168.1 चे 192.168.0 झालेले, आणि आमच्या प्लॉटरला जुनाच पत्ता कायमचा दिलेला. फोनवरचा पोरगा आपला एकच धोशा लावून, ‘सर, राउटर बंद करून चालू करा.’ वरच्या माणसाकडे फोन गेल्यावर पाच मिनिटांत काम झालं म्हणा.

स्टॅटिक आयपीचे (कायम तोच राहणारा इंटरनेट पत्ता) पैसे वेगळे, ते आधीच विचारून घ्या. तो नसेल तर बऱ्याचदा एकाच पब्लिक पत्त्यामागे अनेक गिऱ्हाइकं बसवलेली असतात, मग पोर्ट उघडूनही बाहेरून कॅमेरे दिसत नाहीत. वर 18 टक्के जीएसटी. बिलावर आपला जीएसटी नंबर घालून घेतला तर त्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळतं.

कॅफे, क्लिनिकवाल्यांनी बिनधास्त घ्यावं. ज्यांच्याकडे स्वतःचा सर्व्हर आहे त्यांनी सही करण्याआधी ब्रिज मोड (कंपनीचा डबा नुसती लाइन पुढे देतो, ताबा आपल्या राउटरकडे) देणार का, हे लेखी घ्यावं.