हंगामाचा रविवार आणि थँक्सगिव्हिंगचे जेवण: नवी मुंबईतील एका मेथोडिस्ट मंडळीचे दोन कार्यक्रम

ऑक्टोबरच्या अखेरीपासून आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांच्या, पहिल्या रविवारापर्यंतचे दिवस आमच्या नोडातील (नवी मुंबईतील आमच्या वसाहतीतील) मराठी मेथोडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीत फार गडबडीचे असतात. धान्य आणि कपडे गोळा करणे, सर्व संतांच्या दिवसाला धरून वर्षभरात निवर्तलेल्यांची नावे वाचून त्यांच्यासाठी मेणबत्त्या लावणे, हंगामाच्या सणाची उपासना आणि तिला जोडून भरणारा आनंदमेळा, आणि नोव्हेंबरच्या शेवटी थँक्सगिव्हिंगचे जेवण, असा हा क्रम असतो. पहिल्या दोन गोष्टी मंडळीच्या घरच्या आहेत, त्यामुळे त्यांचे परीक्षण करण्याचे कारण नाही. आनंदमेळा आणि जेवण यांना मात्र कूपन लागते आणि तेथे कोणीही जाऊ शकतो, म्हणून या दोहोंविषयी पैसे मोजून जाणाऱ्या पाहुण्याच्या बाजूने लिहीत आहे. मी या मंडळीची सभासद नाही. माझे माहेर अहिल्यानगर जिल्ह्यातले, जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले, आणि बाजरीची कणसे व जिवंत कोंबड्या वेदीपुढे आणण्याचा सण मी लहानपणापासून पाहिलेला आहे. आधीच सांगून टाकते की हंगामाचा रविवार चुकवू नये असा आहे आणि थँक्सगिव्हिंगच्या जेवणाची घडी अजून बसलेली नाही.

हे दोन कार्यक्रम एकाच माळेतले वाटतात, पण त्यांची मुळे निरनिराळ्या देशांत आहेत. चर्चमध्ये पीक आणून उपकारस्तुती करण्याची सध्याची रीत इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात, मॉर्विनस्टो गावच्या रॉबर्ट हॉकर या पाळकांनी १८४३ साली सुरू केली असे मानले जाते. थँक्सगिव्हिंग हा अमेरिकेचा राष्ट्रीय सण असून लिंकन यांनी १८६३ साली त्याची घोषणा केली आणि नोव्हेंबरचा चौथा गुरुवार हा त्याचा दिवस तेथील काँग्रेसने १९४१ साली कायद्याने ठरवून दिला. भारतातील मेथोडिस्टांचा वारसा मुख्यतः अमेरिकन आहे. विल्यम बटलर १८५६ साली बरेलीला आले, विल्यम टेलर १८७१ साली मुंबईत आले, आणि १९८१ साली भारतातील मेथोडिस्ट चर्च स्वायत्त झाले. त्यामुळे या मंडळीने दोन्ही सण जवळ केले यात नवल नाही. पण ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत भाताची कापणी नेमकी याच सुमारास चालते, आणि म्हणून पहिला सण येथे आपोआप रुजला, तर दुसऱ्याला अजून जागा करून द्यावी लागते आहे, असे माझे निरीक्षण आहे.

हंगामाच्या रविवारी उपासना सकाळी नऊला सुरू होते. वेदीच्या पायऱ्यांवर भाताच्या लोंब्यांच्या पेंढ्या, उसाच्या मोळ्या, लाल भोपळे, सुरणाचे गड्डे, केळ्यांचे घड, रताळी, सीताफळे आणि पेरू अशी मांडणी असते. यातला बराच माल वाशीच्या घाऊक बाजारातून आलेला असतो हे कोणी लपवत नाही, कारण चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने पीक आणावे तरी कोठून? तरीही काही घरांतून कुंडीतल्या मिरच्या, गच्चीवरचा कढीपत्ता, सोसायटीच्या कुंपणावरच्या शेवग्याच्या शेंगा येतात, आणि ज्यांची गावे वाडा, मुरबाड किंवा कर्जतकडे आहेत ते नवा तांदूळ आणतात. संडे स्कूलची मुले हातात टोपल्या घेऊन रांगेने येतात, पाळकसाहेब प्रत्येक टोपलीला हात लावून ती ठेवून घेतात, आणि भजने पेटी-तबल्यावर म्हटली जातात. ही उपासना दोन तासांच्या आत संपते, हे मला विशेष नोंदवावेसे वाटते.

खरा जीव आहे तो उपासनेनंतरच्या लिलावात. अंगणात, पेव्हर ब्लॉकवर सतरंज्या अंथरून, वेदीवरचा माल एकेक करून पुकारला जातो. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ज्यांना सगळे काका म्हणतात, माइक घेऊन ‘एक वार, दोन वार’ अशी हाळी देतात आणि तिसऱ्या वाराआधी इतका दम खातात की बोली लावलेल्याच्या शेजारी बसलेला माणूस अस्वस्थ होऊन पन्नास रुपये वाढवतो. वस्तू विकत घेतलेल्याने ती परत अर्पण करायची आणि तिचा पुन्हा लिलाव व्हायचा, ही येथली जुनी रीत आहे. यंदा माझ्यासमोर एक बऱ्यापैकी थोराड भोपळा असाच फिरत होता. पुढे बसलेल्या एका वृद्ध बाईंना काकांनी विचारले, “मावशी, तुमचे तीनशे धरू का?” त्यावर त्या म्हणाल्या, “धर की बाबा, पण तो भोपळा मला घरी देऊ नकोस, जिन्याने कोण चढवणार? ठेव परत तिथंच.” त्या भोपळ्याने शेवटी किती पैसे आणले हे मी मोजले नाही, पण बाजारभावाशी त्याचा काही संबंध उरला नव्हता. एका पोराने वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेली चार गावठी अंडी, ज्यांतल्या एकाला थोडे शेण लागलेले होते, ती सगळ्यात चुरशीच्या बोलीने गेली.

या लिलावात एक खोट आहे आणि ती दरवर्षी वाढते आहे. बोली जिद्दीला पेटली की ठरावीक पाच-सहा घरांचाच खेळ उरतो, आणि ज्यांना खरोखर किलोभर नवा तांदूळ हवा असतो ते मागच्या रांगेत गप्प बसून राहतात. मंडळीच्या कारभाऱ्यांना हे ठाऊक असावे, कारण लिलाव सुरू होण्याआधीच धान्याचा एक भाग बाजूला काढून ठेवला जातो आणि तो विधवा, एकटे वृद्ध आणि जवळच्या बांधकामांवरच्या मजुरांच्या कुटुंबांकडे जातो. बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात शेताच्या कडा कापू नयेत, सरवा वेचू नये, तो गरीब आणि उपरी यांच्यासाठी ठेवावा अशी आज्ञा आहे. तिचे इतके सरळ आणि गाजावाजा न करता केलेले पालन मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे. पिशव्या भरताना कोणाचा फोटो काढला जात नाही, आणि कोणती पिशवी कोणाकडे गेली हे महिला मंडळाच्या दोघी-तिघींपलीकडे कोणाला कळत नाही. बाजूला काढलेला तांदूळ फुटका किंवा किडका असतो की काय, अशी शंका मला होती, म्हणून मी एका उघड्या पिशवीत हात घालून पाहिले. तो विक्रीला असलेल्या तांदळासारखाच चांगला वाडा कोलम होता, ज्याला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि जो आमच्या भागातील दुकानांत अस्सल मिळेलच याची खात्री नसते.

आनंदमेळ्याच्या स्टॉलांपैकी बरेचसे कुठल्याही मेळ्यात असतात तसेच आहेत, त्यामुळे त्यांवर शब्द खर्च करत नाही. खिमा-पाव बेताचा होता, त्यात तेल फार होते. प्रीतिभोजनाच्या, म्हणजे मंडळीच्या सामुदायिक जेवणाच्या, कूपनात चिकन पुलाव, कोशिंबीर, वाटीभर रस्सा आणि खीर मिळते. पुलाव मोकळा आणि गरम होता, रस्सा मात्र दीडनंतर आलेल्यांना पाणी घालून वाढवलेला मिळाला. मेथोडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या काळातील प्रीतिभोजनात साधा केक आणि पाणी एवढेच असे, त्या मानाने आपली चंगळच आहे.

पण भोपळ्याच्या घारग्यांसाठी मी मुद्दाम वेगळे वाक्य राखून ठेवले आहे. महिला मंडळाच्या कोपऱ्यातल्या स्टॉलवर दोन बायका कढईपुढे उभ्या होत्या आणि घारगे कूपनावर आगाऊ विकत नव्हत्या, तळतील तसे देत होत्या. किसलेला लाल भोपळा गुळात शिजवून, गार झाल्यावर त्यात मावेल तेवढीच कणीक आणि थोडे तांदळाचे पीठ मळायचे, पाण्याचा थेंबही घालायचा नाही, आणि थापताना वरून खसखस दाबायची, अशी त्यांची पद्धत. कडा कुरकुरीत, मध्ये किंचित ओलसर, गुळाचा वास आधी आणि वेलदोड्याचा नंतर. काही घारगे जरा जास्त लाल झाले होते, तेही मी आनंदाने घेतले. साडेबाराच्या पुढे ते शिल्लक राहत नाहीत, त्यामुळे लिलाव सोडून आधी येथे रांग लावावी.

इतर पंथांच्या मेळ्यांना जाणाऱ्यांना येथे एक उणीव लगेच जाणवेल: हाउजी (तंबोला) नाही, लकी ड्रॉ नाही, सोडतीची तिकिटेही नाहीत. मेथोडिस्टांचा जुगाराला जुना आणि ठाम विरोध आहे आणि ही मंडळी तो सणाच्या दिवशीही सैल करत नाही. दारूबाबतही तेच. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटण्याच्या विधीला, द्राक्षासव न वापरता न आंबलेला द्राक्षरस वापरण्याची मेथोडिस्ट पद्धत आहे, आणि तो बाटलीत टिकवण्याची युक्ती १८६९ साली न्यू जर्सीतील थॉमस वेल्च या दंतवैद्यांनी काढली, ते स्वतः मेथोडिस्टच होते. मेळ्यात कोकम सरबताशेजारी द्राक्षरसही विकायला होता. नोव्हेंबरात नाशिकची ताजी द्राक्षे फारशी नसतात, त्यामुळे तो डब्यातला आणि फार गोड होता, कोकमच घ्यावे. हाउजी नसल्याने दुपारी तीननंतर मेळा ओसरतो हे खरे, पण लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांना ही शांतता आवडेल.

आता थँक्सगिव्हिंगच्या जेवणाविषयी. चौथा गुरुवार आपल्याकडे कामाचा दिवस असल्याने ते पुढच्या शनिवारी संध्याकाळी ठेवतात, हा निर्णय योग्यच आहे. कार्यक्रमाची सूत्रे तरुण संघाकडे असतात आणि त्यांचा उत्साह दांडगा आहे, परंतु सजावट सगळी परदेशी चित्रांवरून उचललेली. अमेरिकेतील अनेक मेथोडिस्ट चर्चे ऑक्टोबरात हिरवळीवर भोपळे मांडून विकतात, मोटारींच्या डिक्या सजवून मुलांना खाऊ वाटतात, आणि तेथे ते शोभते, कारण बाहेर झाडे खरोखर लाल-पिवळी झालेली असतात. आमच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या मेपलच्या पानांच्या माळा होत्या आणि खिडकीबाहेर सोनमोहराची हिरवीगार पाने होती. ज्या हातांनी तीन आठवड्यांपूर्वी भाताच्या लोंब्यांची देखणी कमान बांधली होती, त्याच हातांनी ती काढून येथे प्लास्टिक का टांगावे, हे मला समजले नाही.

जेवणाचेही काहीसे असेच झाले. टर्की परवडत नाही, म्हणून अख्खी कोंबडी भाजून देतात. ती जवळच्या एका बेकरीच्या भट्टीत भाजून आणली होती, आणि हॉलवर पोचून वाढेपर्यंत छातीचे मांस लाकडासारखे कोरडे झाले होते. बटाट्याचा लगदा चांगला, लोण्याचा हात सैल. भोपळ्याचा पाय (pie, सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) मात्र जमलाच नाही: आपला लाल भोपळा पाणीदार असतो, त्याचा शिजवलेला गर फडक्यात बांधून निथळू दिला नाही तर सारण घट्ट होत नाही, आणि येथे चमच्याने खावे लागेल इतके ते पातळ होते. महिला मंडळाला कोणी विचारले असते तर पायऐवजी घारगे आले असते आणि कूपन वसूल झाले असते. ४५० रुपयांचे कूपन या जेवणाला जास्त वाटते. हंगामाच्या रविवारचे प्रीतिभोजन २०० रुपयांत होते आणि त्यापेक्षा पोटभर होते.

या संध्याकाळची एक गोष्ट मात्र पदरात टाकून घेण्यासारखी आहे. जेवणाआधी प्रत्येक टेबलावरच्या माणसांनी वर्षभरातल्या एका गोष्टीसाठी आभार मानायचे असतात. अशा प्रसंगी लोक साचेबंद बोलतात असा माझा अनुभव आहे, आणि तसे काही जण बोललेही. पण एका रिक्षावाल्या गृहस्थांनी पावसाळ्यात पाणी शिरल्यावर रिक्षा ढकलायला आलेल्या अनोळखी मुलांचे आभार मानले, आणि एका सुनेने सासूबाईंसमोर सासूबाईंचेच मानले, तेव्हा सासूबाईंनी घाईघाईने पाण्याचा तांब्या उचलला.

व्यवस्थेबद्दल थोडे. रविवारी हार्बर मार्गावर बहुधा मेगाब्लॉक असतो, म्हणून मुंबईकडून येणाऱ्यांनी वेळापत्रक पाहूनच निघावे. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्गाने येणे अनेकदा सोयीचे पडते, पण तोही मार्ग अधूनमधून बंद असतो. मोटार आणू नये, कारण समोरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना सोसायट्यांच्या गाड्या उभ्या असतात आणि शेजाऱ्यांशी वाद होतात. पैसे देण्याची सोय मोबाइलवर आहे, परंतु लिलावाच्या गर्दीत नेटवर्क जाते आणि मग सुट्ट्यांची बोंब होते, तेव्हा पन्नास-शंभराच्या नोटा जवळ ठेवाव्यात. परतीचा पाऊस लांबला तर मांडव गळतो. त्यावर ताडपत्री टाकण्याची सूचना मी लिहून दिली आहे. शनिवारच्या जेवणाला ध्वनिक्षेपक दहाच्या आत बंद केला जातो, तो नियमानुसारच आहे आणि शेजारच्या इमारतींशी संबंध चांगले राहण्याचे ते एक कारण असावे. वृद्धांसाठी हॉलच्या मागच्या दाराने उतार केलेला आहे, पण त्याची पाटी कोठेही नाही; विचारावे लागते.

पुढच्या वर्षी जाणार असाल तर हंगामाच्या रविवारचे कूपन आधीच्या रविवारी उपासनेनंतर घ्यावे, त्या दिवशी दारावर ते मिळत नाही. लिलावात तांदूळ हाती लागला नाही तरी उरलेला माल पुढील रविवारी ठरलेल्या भावाने विकतात; पिशवी आपली आपण न्यावी लागते, आणि आगमनकाळाचे जांभळे वस्त्र वेदीवर चढले की ही विक्री बंद होते.