प्रोजेक्ट पोस्ट की डायरेक्ट पीएचडी?

एमएस्सी झालं की विद्यापीठात रिसर्चसाठी दोन वाटा दिसतात, एकतर एखाद्या सरांच्या प्रोजेक्टवर प्रोजेक्ट असोसिएट म्हणून लागायचं नाहीतर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन सरळ पीएचडीला रजिस्टर व्हायचं.

पैशाचं म्हणाल तर जेआरएफवाल्याचं (नेटमध्ये वरचा नंबर आला की मिळणारी ज्युनियर रिसर्च फेलोशिप) बरंच बरंय, जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलो) झालं की ४२,०००, वर एचआरए म्हणजे घरभाडं, आणि फेलोशिप तुमच्या नावावर असते त्यामुळे गाईड निवडताना जरा जोर राहतो. पण नेट वर्षातून दोनदाच, आणि २०२४ पासून जेआरएफ नाही मिळाली तरी नेटचा स्कोअर पीएचडी ॲडमिशनला चालतो, फक्त तो एक वर्षच व्हॅलिड आणि त्यावर पैसे मिळत नाहीत, हे आधीच नीट समजून घ्या.

प्रोजेक्टची जाहिरात मात्र कधीही येते, पुण्यात एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था), विद्यापीठ सगळ्यांच्या वेबसाईटवर बघत राहायचं, बऱ्याचदा थेट इंटरव्ह्यू. प्रोजेक्टची ग्रँट, म्हणजे निधी, संपली की पोस्ट संपते हा मोठा तोटा. तरी मला हीच वाट आधी घ्यावीशी वाटते, कारण पीएचडीला कमीत कमी ३ वर्षं, कमाल ६, आणि एवढा काळ ज्या गाईडसोबत काढायचा त्यांची लॅब आतून बघायला मिळते. सीनियर्सना पेपरवर नाव मिळतं का, रात्री किती वाजता घरी जातात, हे तिथंच कळतं!

जेआरएफ हातात असेल तर मात्र थांबू नका, लगेच गाईडला मेल टाका.