क्रिस्तपुराण : आठ महिने, रोज पन्नास ओव्या

फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण', म्हणजे बायबलची कथा सांगणारं मराठी ओवीबद्ध काव्य, मी हौसेने आणलं आणि पंधरा दिवसांत मिटून ठेवलं. एकूण १०,९६२ ओव्या. मनातल्या मनात वाचताना डोळे नुसते ओळींवरून घसरत होते, हाती काही लागत नव्हतं. मग ऑगस्टात आईला ऐकवायचं म्हणून मोठ्याने वाचायला घेतलं. रात्रीची जपमाळ झाली की पन्नास ओव्या. मार्चअखेरीस ग्रंथ पुरा झाला. तुम्ही घेणार असाल तर पहिल्या दिवसापासून मोठ्यानेच वाचा.

ओवीचे तीन चरण यमकात बांधलेले, चौथा आखूड. तिसऱ्यापर्यंत चाल चढते आणि चौथ्याशी विसावते; हे जिभेवर आल्याशिवाय कळत नाही. विल्टशायरमध्ये जन्मलेला हा इंग्रज जेजुइट (येशूसंघाचा धर्मगुरू) १५७९ साली गोव्यात आला, तिथल्या साष्टी भागातल्या लोकांत राहिला आणि आपल्या संतांच्या वळणाची ओवी लिहू लागला. 'जैसी हरळांमाजि रत्नकिळा' ही ओवी मला शाळेपासून पाठ होती. पण ती ग्रंथात तिच्या जागी वाचली, पाठोपाठ मोगरी आणि कस्तुरी आली, तेव्हा आई म्हणाली, "परत वाच." त्या रात्री पुढे गेलोच नाही.

स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलेलं तिला आधी खटकलं. नाताळपर्यंत मात्र ती स्वतःच बोलता बोलता वैकुंठ म्हणू लागली. 'अंकुवारी मरिया'पाशी मी अडखळलो, तर शेजारच्या गोव्याच्या आजींनी लगेच सांगितलं, "आंकवार! कुमारी." कोकणी येणारं कुणी ओळखीचं असेल तर जवळ बसवा, अर्धा कोश वाचतो.

ग्रंथाच्या पाठाबद्दल, म्हणजे मूळ मजकुराबद्दल थोडं. ग्रंथ १६१६ साली गोव्यातल्या राचोलला रोमी (रोमन) लिपीत छापला गेला. सतराव्या शतकातल्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही; ग्रंथ तगला तो हस्तलिखितांवर. १९०७ साली सल्ढाणांनी मंगळुरात तो रोमीतच काढला, १९५६ साली बंडेलूंची देवनागरी आवृत्ती पुण्यात निघाली. लंडनला मार्सडेन संग्रहात सापडलेलं हस्तलिखित देवनागरीत आहे आणि त्यात पोर्तुगीज शब्दांच्या जागी बरेच संस्कृत शब्द आहेत. म्हणून प्रत घेताना ती कोणत्या पाठावरून केली आहे, हे प्रस्तावनेत आधी बघा.

माझ्या प्रतीची शिलाई डिसेंबरातच उसवली. एवढ्या जाड ग्रंथाला पक्की बांधणी हवीच होती. शब्दार्थ शेवटी असल्याने एक बोट कायम मागच्या पानांत. शेवटी मी शंभरपानी वहीत शब्द उतरवून घेतले. आता ती वही ग्रंथाइतकीच लागते.

ग्रंथाचा पहिला भाग, 'पैलें पुराण', उत्पत्तीपासून बायबलच्या जुन्या कराराच्या कथा सांगतो. मध्ये काही ठिकाणी तो लांबतो, तिथे मी भराभर वाचलं. खरा जीव येशूची कथा सांगणाऱ्या 'दुसऱ्या पुराणा'त आहे. येशूच्या दुःखसहनाचा भाग नेमका प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत आला. आई वाटाणे सोलत ऐकत होती. क्रूसापाशी आलो तसे तिचे हात थांबले, सोललेले दाणे तसेच मुठीत राहिले. पन्नास ओव्या होऊन गेल्या होत्या, पण पुस्तक मिटवेना. अवस्वरू (अध्याय) संपेपर्यंत वाचलं, साडेअकरा वाजले.

चारशे वर्षांपूर्वीचं मराठी जड जाईल अशी भीती वाटत असेल, तर सरळ 'दुसऱ्या पुराणा'पासून सुरुवात करा. आम्हीही आता तिथूनच पुन्हा धरलंय, या खेपेला रोज पंचवीसच ओव्या.