पुण्यात काटा ७६० वर गेला तर सावध व्हा : निऑनच्या पंपात झालेली फसवणूक

काचेच्या नळीत वायू भरून बनवलेल्या खऱ्या निऑन पाट्यांना पुन्हा थोडे चांगले दिवस आले आहेत. एलईडीच्या पट्ट्यांनी आमचा धंदा जवळजवळ संपवला होता, पण कॅफेवाले आणि जुनी दुकानं नव्याने सजवणारे लोक परत खरी नळी मागू लागले. त्यामुळे कोणी नळीतली हवा ओढून काढणारा जुना पंप शोधतंय, कोणी नव्याने काम शिकतंय, आणि याच लोकांना हेरून जुन्या मशिनरीचे काही व्यापारी ‘निऑनचा पूर्ण संच’ विकताहेत. असाच एक संच मी पुण्याजवळच्या एमआयडीसीतल्या एका व्यापाऱ्याकडून घेतला. त्यात पैसे गेले. पण हे लिहितोय ते पैशांसाठी नाही. त्या संचातल्या दोन गोष्टी माणसाचा जीव घेऊ शकल्या असत्या म्हणून.

संचात होतं काय? ‘डबल स्टेज’ (म्हणजे दोन टप्प्यांत हवा ओढणारा) अशी पट्टी असलेला रोटरी पंप, पंप आणि निऑनची नळी जोडणारा काचेचा मॅनिफोल्ड, उरलेला दाब मोजणारा पाऱ्याचा मॅक्लाउड गेज आणि बंबार्डिंगचा, म्हणजे जोरदार वीज सोडून नळी तापवत आतली घाण काढण्याचा, ट्रान्सफॉर्मर. व्यापाऱ्याने पंप माझ्यासमोर चालू केला, तोंडाशी लावलेल्या डायल गेजचा काटा सरसर जाऊन ७६० वर टेकला, आणि तो म्हणाला, “बघा साहेब, शंभर टक्के व्हॅक्यूम.”

त्या काट्यातच सगळी लबाडी होती. असा डायल बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब किती कमी झाला तेवढंच दाखवतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा असतो. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, इथे हवेचा दाबच ७१० च्या आसपास भरतो. म्हणजे जगातला सर्वोत्तम पंप लावला तरी पुण्यात डायल गेज ७१० च्या पुढे जायला नको. तो ७६० वर टेकतो याचा अर्थ काटा सरकवून बसवलाय, नाहीतर गेज बिघडलंय.

आणि गेज खरं असतं तरी उपयोग शून्य. डायलवरची एक बारीक रेघ बहुतेक वेळा १० मिलिमीटरची असते, म्हणजे १०,००० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपल्याला गॅस भरण्याआधी नळी १० मायक्रॉनच्या खाली न्यावी लागते. ज्वारीच्या पोत्यांच्या वजनकाट्यावर सोनं तोलण्यासारखंच हे. आपल्या कामाला इतका बारीक दाब मोजणारा पिरानी किंवा थर्मोकपल गेजच लागतो.

“मॅक्लाउड आहे की सोबत,” असं त्याने सांगितलं आणि त्यावरही चांगला आकडा दाखवला. मॅक्लाउड आत आलेला वायू दाबून मोजतो. पण पंपाच्या तेलात पाणी किंवा सॉल्व्हंट मुरलेलं असेल तर त्याची वाफ दाबल्यावर द्रव होते आणि मोजणीत धरलीच जात नाही. पंप जितका ओला, तितका हा गेज जास्त गोड बोलतो. घाणेरड्या तेलाचा पंप विकायचा असेल तर याच्यासारखा साक्षीदार नाही.

पहिल्या ऑर्डरच्या लाल नळ्या लावल्यावर काही आठवड्यांत फिकट गुलाबी पडू लागल्या, टोकं काळवंडली, एक तर लुकलुकायला लागली. बंबार्डिंग नीट होत होतं: नळीवरचा कागद तांबूस पडेपर्यंत काच तापवली होती, नळीच्या टोकांचे इलेक्ट्रोड लालबुंद केले होते. व्यापाऱ्याला फोन केला तर म्हणाला, “तुमचा हात बसला नाही अजून.” वर्षानुवर्षं नळ्या भरणाऱ्या माणसाला हे ऐकवलं त्याने. नवीन पोरगा असता तर त्याने ते खरंही मानलं असतं, आणि हेच मला सगळ्यात जास्त सलतं.

पंप दुरुस्त करणारा एक मित्र पिरानी घेऊन आला. मॅनिफोल्ड काढून गेज थेट पंपाच्या तोंडाला लावला, पंप गरम होईपर्यंत चालवला, तरी आकडा काही शे मायक्रॉनवरच नाचत राहिला. पंप उघडला तर आत एकच रोटर. पट्टी डबल स्टेजची, पंप सिंगल स्टेजचा. रंगाखालून जुन्या पट्टीची भोकं दिसत होती. तेल काढलं ते दुधाळ, आणि त्याला डोळ्यांना झोंबणारा आंबट वास. हा पंप आधी कुठल्यातरी केमिकल कारखान्यात काय ओढत होता ते व्यापाऱ्याने आजतागायत सांगितलेलं नाही. जुना पंप घेताना तो कुठे चालत होता हे लेखी घ्या. लेखी देत नसेल तर तो पंप उघडायचासुद्धा नाही, कारण त्या तेलात काय आहे हे ते सांडल्यावर कळून फायदा नसतो.

पुण्यात गुरुवारी लाइट जाते हे सांगायला नको. पंप उघडण्याआधीच एकदा लाइट गेली आणि पंपातलं तेल उलटं वर चढून मॅनिफोल्डमध्ये आलं. चांगल्या पंपाला तेल उलटं चढू न देणारा व्हॉल्व्ह आत असतो. याच्यात तो नव्हताच. खरेदीच्या वेळी पंपाचं तोंड बंद असताना सरळ स्विच बंद करायला लावा आणि थोडा वेळ थांबा. तेल वर आलं तर परत फिरा.

आता जिवाशी गाठ असलेल्या त्या दोन गोष्टी.

पहिली, ट्रान्सफॉर्मर. पाटीवर लावायचा निऑनचा ट्रान्सफॉर्मर ३० किंवा ६० मिलिअँपिअरचा असतो. बंबार्डिंगचा मात्र हजारो व्होल्टला कित्येकशे मिलिअँपिअर देतो; त्याचा धक्का बसलेला माणूस सहसा उठत नाही. मला दिलेल्या ट्रान्सफॉर्मरला अर्थिंगचा बोल्टच नव्हता, आणि एका इन्सुलेटरचा तडा पुट्टीने बुजवून वर रंग मारला होता. हे कळूनसवरून केलंय. पुट्टी भरणाऱ्या हाताला माहीत होतं की समोरचा माणूस याच्याजवळ उभा राहून काम करणार आहे.

दुसरी, पारा. मॅक्लाउडची काच बुडाशी चिरलेली होती आणि पारा खोक्यातल्या कागदाच्या कपट्यांत उतरला होता. आमच्या खोलीत बर्नर पेटलेले असतात, उष्णता भरपूर, आणि पाऱ्याच्या वाफेला वास नाही की रंग नाही. पुतण्या झाडू घेऊन धावला, त्याला ओरडून थांबवावं लागलं. झाडूने पाऱ्याचे आणखी बारीक थेंब होतात आणि सगळीकडे पसरतात; घरचा व्हॅक्यूम क्लीनर तर त्याची वाफ हवेत सोडतो. बर्नर बंद करा, खिडक्या उघडा, हातमोजे घालून कडक पुठ्ठ्याने थेंब एकत्र करा, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरा. मोरीत कधीच ओतू नका. आज पाऱ्याचा गेज किंवा पाऱ्याच्या वाफेवर चालणारा डिफ्यूजन पंप घेण्याचं काहीच कारण उरलेलं नाही, फुकट दिला तरी.

पैसे परत मागितले तेव्हा उत्तर आलं, “जुन्या मालाला गॅरंटी नसते.” बिलावर त्याने फक्त ‘वापरलेली मशिनरी’ एवढंच लिहिलं होतं. बिलावर ‘टू स्टेज रोटरी व्हेन पंप’ आणि किती मायक्रॉनपर्यंत जातो तो आकडा लिहून घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. सुदैवाने व्हॉट्सॲपवर ‘डबल स्टेज’ हे शब्द त्याच्याच नंबरवरून आलेले आहेत.

धंद्यासाठी घेतलेल्या मालाची ग्राहक म्हणून तक्रार करता येत नाही, असं मला दोघातिघांनी सांगितलं. ते अर्धवट आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’तून वगळलेली आहे. स्वतःच्या हाताने नळ्या भरणारा कारागीर त्यात बसू शकतो. तक्रारीची मुदत दोन वर्षं, आणि आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करता येते. मी ती केली आहे, जिल्हा आयोगाकडे जायची कागदपत्रं तयार होताहेत. पंप जसा उघडला तसाच ठेवलाय, काढलेलं तेल बाटलीत बंद आहे, आणि पिरानीच्या आकड्याचे तारखेसह फोटो वकिलांकडे दिले आहेत.