चार बोल्टांचे सोळा हजार

आजोबांचा मॅसी फर्ग्युसन ३५ ट्रॅक्टर गेल्या दिवाळीनंतर मुरबाडकडच्या आमच्या गावातून टेम्पोवर चढवून शिळफाट्याजवळच्या एका गॅरेजला आणला, तेव्हा मला त्यातलं एवढंच कळत होतं की तो लाल आहे आणि चालू होत नाही. मी ऐरोलीत राहते, दिवसभर हिशेब तपासायचं काम करते. म्हणजे बिलं बघणं हाच माझा धंदा, आणि तरी फसले. गॅरेजचं नाव इथे देत नाही. ज्यांच्या घरी असा जुना ट्रॅक्टर धूळ खात उभा आहे, त्यांनी वाचावं म्हणून सगळं लिहितेय.

हा ट्रॅक्टर आजोबांनी १९७१ साली नाशिककडून जुनाच घेतला होता. तो नांगराला फार कधी जुंपलाच नाही. त्याच्या पाठीमागे पट्ट्याची पुली बसवलेली होती. भात निघालं की ट्रॅक्टर गिरणीसमोर उभा करायचा, पुलीवरून लांबलचक पट्टा हलरच्या चाकावर चढवायचा, पट्टा घसरू नये म्हणून मध्ये एक पीळ द्यायचा, आणि दिवसभर गावाचं भात भरडत बसायचं. पुढे गिरणीला विजेची मोटर आली. पुली तशीच राहिली, ट्रॅक्टर मात्र गोठ्याशेजारी सरकला.

गॅरेजवाल्याने इंजिनाचं काम चोख केलं, हे आधी सांगते. डिझेल पंप खोलला, नोझल साफ केले, आणि आठव्या दिवशी त्या तीन सिलिंडरच्या इंजिनाचा आवाज त्याने मला फोनवर ऐकवला. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले. तिथेच माझा त्याच्यावर विश्वास बसला, आणि त्यालाही ते कळलं असणार.

दुसऱ्या दिवशी फोन. "ताई, मागची ती पुली निकामी आहे. काढून टाकावी लागेल. वापरा नाहीतर नका वापरू, ती आत फिरतच असते, डिझेल खाते. गिअरबॉक्सवर लोड येतो." पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर फोटो आला: एका घमेल्यात डांबरासारखं काळं तेल आणि त्यात चमचमणारा लोखंडाचा चुरा. खाली लिहिलेलं, "गिअरबॉक्समधून निघालं." मी घाबरले. आजोबांचा ट्रॅक्टर आतून झिजतोय, असंच मला वाटलं.

गावी घरचे वडीलधारे अण्णा आहेत, त्यांना विचारावं हे सुचलं होतं, खोटं कशाला बोलू. पण त्यांचे गुडघे, त्यांचा रक्तदाब. म्हटलं, काम झाल्यावरच सांगू.

तो पुढे म्हणाला की पुली काढली की गिअरबॉक्सला भोक उघडं पडतं, त्यावर लेथवर प्लेट बनवून बसवावी लागते, नाहीतर सगळं तेल बाहेर. आतला बेव्हल गिअर, म्हणजे फिरणं काटकोनात वळवणारं दातेरी चाक, तेही काढावं लागतं. हे त्याने इतक्या सराईतपणे सांगितलं की शंका यायला जागाच नव्हती. शंका न येण्याचं खरं कारण मला फार नंतर कळलं: तो जे सांगत होता ते पूर्ण खोटं नव्हतं, फक्त दुसऱ्या ट्रॅक्टरचं होतं. फार्मॉल एच आणि एम या अमेरिकन ट्रॅक्टरांवर पुली गिअरबॉक्सच्या कुशीत बसते. ती काढली की तिथे खरंच भोक राहतं, आणि पॅकिंग टाकून झाकण लावावं लागतं. दोन सिलिंडरच्या जुन्या जॉन डिअरवर तर पुली थेट क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या टोकाला असते आणि क्लच तिच्या पोटात, म्हणजे ती निकामी म्हणून काढायचा प्रश्नच येत नाही. पण फर्ग्युसन घराण्यातल्या ट्रॅक्टरांची पुली म्हणजे मागच्या पीटीओ शाफ्टवर (इंजिनाची ताकद मागे जोडलेल्या यंत्राला देणारा फिरता दांडा) चढवलेलं वेगळं डबडं. पाहिजे तेव्हा लावा, नको तेव्हा उतरवा. तिचे बेव्हल गिअर तिच्याच डबड्यात असतात, आणि तेलही तिचं स्वतःचं, त्याच डबड्यातलं.

घमेल्यातलं काळं तेल त्या डबड्यातलं होतं. वर्षानुवर्षं न बदललेलं तेल काळं होणारच. चुरा कुठून आला, याबद्दल मला आता जे वाटतं ते असं, की घमेल्याच्या मागे फोटोत ग्राइंडर दिसतो.

डिझेल खाण्याची गोष्ट तर मी उभ्या-उभ्या तपासू शकले असते. इंजिन चालू करायचं, पीटीओचा लिव्हर बंदवर सारायचा आणि मागे जाऊन बघायचं. पुली ढिम्म हलत नाही. जे फिरत नाही ते डिझेल काय पिणार? पण त्यासाठी कल्याण-शीळ रस्त्याची ती गर्दी भेदून तिथे जावं लागलं असतं. मी गेले नाही. फोटो बघून हो म्हटलं.

आठवड्याने बिल आलं. साध्या कागदावर, बॉलपेनने, ना गॅरेजचं नाव ना जीएसटी नंबर. गिअरबॉक्स खोलणे-बसवणे ८,५००. बेव्हल गिअर काढणे ३,०००. प्लेट, लेथ काम २,४००. पॅकिंग ६००. तेल १० लिटर ३,२००. एकूण १७,७००. त्याखाली ठळक अक्षरांत: वजा भंगार, ३८ किलो दर २८, १,०६४. "पुली भंगारात टाकली ताई, त्याचे पैसे पण कमी केले तुमच्यासाठी." वरचे ३६ रुपये त्याने सोडून दिले. मी १६,६०० रुपये मोबाइलवरून पाठवले. पैसे घेणाऱ्याचं नाव भलतंच आलं, तर म्हणाला मेव्हण्याचं खातं आहे. आणि हो, मला त्या क्षणी तो माणूस प्रामाणिक वाटला. भंगाराचे पैसे वजा करणारा माणूस लबाड कसा असेल?

ट्रॅक्टर गावी पोचला. अण्णा काठी टेकत त्याच्याभोवती एक फेरी मारून मागे थांबले.

"पुली कुठंय?"

मी सांगितलं. बिलही दाखवलं. अण्णांनी चष्मा वर करून कागद वाचला आणि एकाच ओळीवर बोट ठेवलं. "दहा लिटर? अगं, याचा गिअरबॉक्स, मागचा एक्सल आणि हायड्रॉलिक, सगळ्यांचं तेल एकच. तीसेक लिटर लागतं. दहा लिटर टाकलं असतं तर ट्रॉली उचलली असती का त्याने?" मग खाली वाकता येत नाही म्हणून मलाच म्हणाले, "मोबाइलची बॅटरी लाव आणि गिअरबॉक्सचे बोल्ट बघ."

मी शेणात गुडघे टेकून बघितलं. हा लाल रंग आजोबांनी घरच्या ब्रशने दिलेला आहे, कंपनीचा नाही, त्यामुळे तो सगळीकडे ओघळलेला. गिअरबॉक्सच्या झाकणाच्या एका बोल्टच्या डोक्यावरून खालच्या बिडापर्यंत (ओतीव लोखंडापर्यंत) रंगात ब्रशचा एक केस आडवा चिकटलेला होता. तो अखंड होता. तो बोल्ट पाव फेरा जरी फिरला असता, तरी केस तुटला असता. बाकीच्या बोल्टांवरही रंगाला चीर नव्हती. तेल सोडायच्या प्लगवर तर मातीचं पोपडं तसंच होतं. पान्याची चकाकी फक्त मागे पीटीओभोवतीच्या चार बोल्टांवर होती.

"चार बोल्टांचं काम," अण्णा म्हणाले. आणि काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

प्लेट? प्लेट नव्हतीच. तिथे नुसता पीटीओ शाफ्ट उघडा, त्याची लोखंडी टोपीसुद्धा गायब. मुरबाडच्या आमच्या ओळखीच्या फिटरला विचारलं, तो म्हणाला पुली उतरवायचे मी सातशे घेतले असते, चहा पाजला असता तर पाचशे.

खरी मेख पुढे आहे. दोनेक महिन्यांनी माझ्या मामेभावाने जुन्या वस्तूंच्या एका जाहिरातीचा फोटो पाठवला. "रेअर, ओरिजिनल, कंपनीचा माल," किंमत २२,००० रुपये. पुलीच्या कडेवर छिन्नीने कोरलेला "रा" स्पष्ट दिसत होता. पट्टा चढवताना पुलीची बाजू उलटी होऊ नये म्हणून आजोबांनी स्वतः कोरलेला, त्यांच्या नावातलं पहिलं अक्षर. जुने ट्रॅक्टर पूर्ववत करणारे शौकीन या मूळ जोडण्या शोधत फिरतात, हे त्या गॅरेजवाल्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्यासाठी ते २८ रुपये किलोचं बीड होतं.

गॅरेजला गेले तेव्हा तो हसून म्हणाला, "ताई, तुम्हीच भंगारात द्या म्हणालात." मी तसं म्हटलंच नव्हतं, पण नकोही म्हटलं नव्हतं. व्हॉट्सअॅपवर माझं उत्तर आहे: "ठीक आहे, काढा." एवढंच. खूप वाद घातल्यावर, आणि मामेभाऊ शेजारी उभा होता म्हणून, त्याने सहा हजार परत दिले. पुली तोवर विकली गेली होती.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं तर दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी लागत नाही, म्हणजे दार उघडं आहे. पण माझ्या हातात आहे काय? नाव नसलेला कागद, आणि मेव्हण्याच्या खात्यावर गेलेले पैसे. काम द्यायच्या आधी फक्त दोन गोष्टी लिहून घेतल्या असत्या, जुना भाग माझ्या ताब्यात परत हवा आणि बिल नावासकट हवं, तरी त्याने हा डाव टाकला नसता असं मला वाटतं. पुली उतरवताना मी तिथे उभी असते, तर अर्ध्या तासात काम संपलेलं डोळ्यांनी दिसलं असतं.

ट्रॅक्टर आता चालतो, आवाज गोड आहे. उघड्या पीटीओ शाफ्टमध्ये कुणाचं धोतर, ओढणी अडकू नये म्हणून अण्णांनी त्यावर तेलाचा रिकामा डबा उपडा घालून तारेने करकचून बांधलाय. नवी टोपी आणते म्हटलं की म्हणतात, राहू दे, तेवढंच तुझ्या लक्षात राहील.