पडदा नसलेला डबा: आठ महिने सिरियल कन्सोलवर

तासगावात दाजींचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. तिथल्या ऑफिसचा राउटर दर उन्हाळ्यात मान टाकायचा, म्हणून गेल्या वर्षी मी पुण्यातून एक जुना एपीयू2 बोर्ड, म्हणजे डब्यात मावणारा छोटा संगणक, घेतला आणि त्यावर डेबियन ही लिनक्स सिस्टीम टाकून तो राउटर म्हणून तिथे बसवला. पीसी इंजिन्स या स्वित्झर्लंडच्या कंपनीचा हा बोर्ड. एएमडीचा चार कोअरचा 1 गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, 4 जीबी मेमरी, इंटेलची तीन लॅन पोर्टं, पंखा नाही. प्रोसेसरची उष्णता थेट अल्युमिनियमच्या डब्यात उतरते, त्यामुळे डब्याला हात लावला की चहाच्या पेल्याला लावल्यासारखा वाटतो. 12 व्होल्टवर चालतो आणि वीज इतकी कमी खातो की छोट्या डीसी यूपीएसवरही बराच वेळ तग धरतो. आता हे बोर्ड नवे मिळत नाहीत, जुनेच शोधावे लागतात.

एक गोष्ट मात्र घेण्याआधीच समजून घ्या. याला मॉनिटर लावायची सोयच नाही. ना व्हीजीए, ना एचडीएमआय. मागे नऊ पिनांचं एक सिरियल पोर्ट आहे, तेच याचं तोंड आणि तेच याचे कान. त्याला केबल लावून दुसऱ्या संगणकाच्या टर्मिनलमधून अक्षरांनी बोलायचं, हाच सिरियल कन्सोल. पेन ड्राइव्हवरूनही इन्स्टॉल करता येतं, पण मला पुढे असे आणखी दोन डबे बसवायचे होते, म्हणून पीएक्सईनं, म्हणजे लॅनवरून करायचं ठरवलं. एका संध्याकाळचं काम, असा हिशोब होता. तीन संध्याकाळी गेल्या.

पहिली संध्याकाळ केबलनंच खाल्ली. यूएसबी-सिरियल अडॅप्टर माझ्याकडे होता, दुकानातून नऊ पिनांची केबल आणली, जोडली, वेग सेकंदाला 115200 बिट ठेवला, डब्याला वीज दिली. काही नाही. एक अक्षर नाही. दुकानदारानं ‘कुठल्याही मशीनला चालते’ म्हणून दिलेली ती केबल सरळ होती. इथे लागते नल मोडेम, म्हणजे 2 आणि 3 नंबरच्या तारा आतून अदलाबदल केलेली. नाहीतर दोन्ही बाजू एकाच तारेवर बोलतात आणि एकाच तारेवर ऐकतात. दोष अडॅप्टरचा की केबलचा हे ओळखायची सोपी युक्ती आहे. अडॅप्टरच्या 2 आणि 3 नंबरच्या पिनांना तारेचा एक तुकडा टेकवायचा आणि टर्मिनलमध्ये काहीतरी टाइप करायचं. टाइप केलेलं परत दिसलं, तर अडॅप्टर ठणठणीत आहे.

माझ्या बाबतीत मात्र ही चाचणीच होईना, कारण पोर्टच गायब. अडॅप्टर लावला की त्याचं पोर्ट टीटीवाययूएसबी-शून्य या नावानं दिसायचं आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच नाहीसं व्हायचं. डीमेसेज, म्हणजे सिस्टीमच्या नोंदी, वाचल्यावर चोर सापडला. ब्रेलटीटीवाय नावाचा प्रोग्रॅम, अंधांसाठीची ब्रेल पट्टी चालवणारा. माझ्या अडॅप्टरमधली सीएच340 चिप जो यूएसबी क्रमांक सांगते, तोच क्रमांक एका ब्रेल उपकरणाचाही आहे, त्यामुळे हा बापडा माझं पोर्ट ब्रेल पट्टी समजून ताब्यात घेत होता. मला त्याची गरज नव्हती, काढून टाकला. मग सिरियल पोर्ट वापरायची परवानगी मिळावी म्हणून स्वतःला डायलआउट गटात घातलं, लॉगआउट-लॉगइन केलं, आणि पोर्ट जागेवर आलं. दुसऱ्या दिवशी नल मोडेम केबल आणली आणि डबा पहिल्यांदा बोलला: बोर्डचं नाव, कोअरबूट या फर्मवेअरची (वीज देताच सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमची) आवृत्ती, मेमरीचा आकडा, आणि बूट मेनूसाठी एफ10 दाबा. अक्षरशः हायसं वाटलं.

एफ10 दाबला. डब्याचा मेनू नाही, माझ्या टर्मिनलच्या खिडकीचाच मेनू उघडला! ती कळ टर्मिनल स्वतःसाठी राखून ठेवतं. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करावं लागतं. तेवढ्यात डबा पुढे निघून गेलेला. आणि मी तेव्हा सिरियलवर बोलायला मिनिकॉम हा प्रोग्रॅम वापरत होतो, त्यात हार्डवेअर फ्लो कंट्रोल, म्हणजे वेगळ्या तारांवरून ‘थांब’ आणि ‘पाठव’ सांगायची सोय, आधीपासून चालू असतं. माझ्या केबलमध्ये त्यासाठीच्या तारा नव्हत्या, त्यामुळे डब्याचं सगळं मला दिसत होतं आणि माझं एक अक्षर तिकडे पोचत नव्हतं. हे लक्षात यायला तासभर गेला. त्यानंतर पिकोकॉमवर आलो आणि आजही तेच वापरतो. साधं आहे, न सांगता फ्लो कंट्रोल लावत नाही, आणि सत्र फाइलमध्ये लिहून ठेवतं. त्या फाइलचा उपयोग पुढे येईल.

आता मुख्य मुद्दा, कारण या आठ महिन्यांत मी जे शिकलो ते सगळं यातच आहे. मॉनिटर असला की आपल्याला वाटतं मशीन बोलतंय. सिरियलवर कळतं की बोलणारे पाच-सहा जण आहेत आणि ते एकामागून एक येतात. आधी फर्मवेअर, मग लॅनवरून बूट करणारा पीएक्सईलिनक्स, मग लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, मग इन्स्टॉलर, पुढे डिस्कवरून बूट करणारा ग्रब, शेवटी लॉगइन. एकाला सिरियलवर बोल म्हणून सांगितलं की दुसऱ्याला ते आपोआप कळत नाही. लग्नाची पत्रिका जशी प्रत्येक घरी वेगळी द्यावी लागते, नाहीतर नेमका तोच पाहुणा रुसतो, तसंच. म्हणून कन्सोल गप्प झाला की ‘काय बिघडलं’ हे विचारण्याआधी ‘शेवटचं कोण बोललं’ हे बघायचं. रुसलेला त्याच्या पुढचा असतो.

पीएक्सईसाठी मी लॅपटॉपवर डीएनएसमास्क चालवलं. पत्ते वाटणारं डीएचसीपी आणि फाइली देणारं टीएफटीपी, दोन्ही तो एकटाच सांभाळतो. डेबियनची नेटबूटची फाइल उलगडून त्याच्या फोल्डरात ठेवली. लॅपटॉप थेट डब्याच्या पहिल्या पोर्टला, घरचा राउटर दुसऱ्या पोर्टला. असं केल्यानं घरच्या राउटरच्या डीएचसीपीशी भांडण होत नाही. इन्स्टॉलरनं विचारलं की मुख्य पोर्ट कोणतं, तर दुसरं सांगायचं, म्हणजे इंटरनेट तिकडून मिळतं. बोर्डवर नेटवर्क बूट मुळात बंद असतं, ते मेनूतून चालू करावं लागतं. मग बोर्डमधल्या आयपीएक्सई या नेटवर्क बूटच्या प्रोग्रॅमला पत्ता मिळाला, पण फाइल मागताना ताटकळत बसला. लॅपटॉपच्या फायरवॉलमध्ये टीएफटीपीचं यूडीपी 69 पोर्ट उघडायला मीच विसरलो होतो.

पुढे गंमत झाली. पीएक्सईलिनक्सच्या सेटिंगमध्ये मी मोठ्या हुशारीनं सिरियलची ओळ घातली होती. पडद्यावर आलं: बबूूटट. प्रत्येक अक्षर दोनदा! या बोर्डचं फर्मवेअर स्क्रीनवर जाणारा मजकूर आधीच सिरियलवर वळवतं, आणि वर मी पीएक्सईलिनक्सलाही तिकडेच लिहायला लावलं. एकाच माणसाला दोन पत्रिका. ती ओळ काढली, अक्षरं एकेरी झाली.

त्यानंतर कर्नल लोड झाल्याची ओळ आली आणि शांतता. डेबियनच्या तयार मेनूत कर्नलला सूचना देणारी जी ओळ असते, तिच्यात व्हीजीएचा पर्याय असतो आणि सिरियलचा उल्लेख नसतो. म्हणजे इन्स्टॉलर आत सुखेनैव सुरू झालेला असतो, नसलेल्या पडद्यावर भाषा विचारत बसलेला असतो. व्हीजीएचा पर्याय आणि संदेश दाबून टाकणारं ‘क्वाएट’ काढायचं, आणि कन्सोल म्हणून टीटीवायएस-शून्य, म्हणजे पहिलं सिरियल पोर्ट, वेग 115200, 8 बिट, पॅरिटी नाही, असं लिहायचं. हे त्या ओळीतल्या तीन डॅशनंतर लिहावं, कारण डॅशनंतरचं सगळं नव्या सिस्टीमच्या ग्रबमध्ये उतरतं. वेग 9600 ठेवायचा मोह टाळा, जुन्या उदाहरणांत तोच दिसतो. 9600 ला सेकंदाला 960 अक्षरं जातात आणि 80 बाय 24 चा पडदा 1920 अक्षरांचा; म्हणजे इन्स्टॉलरचं एक पान रंगायला दोन सेकंद. 115200 ला तेच काम सेकंदाच्या सहाव्या भागात होतं. आणि वेग जुळला नाही तर कचरा दिसतो. कचरा दिसला तर मात्र खूश व्हा, केबल बरोबर आहे.

इन्स्टॉलर स्वतः उत्तम आहे. सिरियलवर तो स्क्रीन या प्रोग्रॅमच्या आत चालतो, तळाला पट्टी दिसते: एक इन्स्टॉलर, दोन शेल, एक लॉग. लॉगच्या खिडकीत जायला कंट्रोल-ए लागतं, आणि पिकोकॉमची स्वतःची कळही कंट्रोल-ए. दोनदा दाबलं की एक पलीकडे जातं. सवय होते. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीतही आहे, पण फक्त चित्रमय रूपात. सिरियलवर देवनागरी उमटत नाही, त्यामुळे इथे इंग्रजीवरच भागवावं लागतं. इंटेलच्या पोर्टांना वेगळं फर्मवेअर लागत नाही, हे या बोर्डचं मोठं सुख. पार्टिशन, पॅकेजं, सगळं विनातक्रार. तिसऱ्या संध्याकाळी साडेनऊला डबा स्वतःच्या एमसॅटा डिस्कवरून उठला. ग्रबची फाइल मी तरीही हातानं तपासली आणि तिथे एक शहाणपणा केला: कधी व्हीजीएवाल्या मशीनवर डिस्क लावावी लागली तर असू दे, म्हणून सिरियलच्या नंतर टीटीवाय-शून्य, म्हणजे मॉनिटरचा पडदा, हाही कन्सोल जोडला. या शहाणपणाची किंमत नोव्हेंबरात चुकवली.

डबा जूनमध्ये तासगावला गेला. ऑफिसच्या कपाटात तो आणि शेजारी माझा जुना लॅपटॉप, सिरियल केबल कायम जोडलेली. इंटरनेट पडलं की दिवाणजी आपला मोबाईल लॅपटॉपला यूएसबीनं लावतात, लॅपटॉप त्यावरून माझ्या भाड्याच्या सर्व्हरला उलटा एसएसएच बोगदा, म्हणजे आतून बाहेर काढलेली सुरक्षित वाट, काढतो, आणि मी पुण्यात बसून डब्याशी बोलतो. सप्टेंबरात नेट सारखं जाऊन-येऊन होतं. पिकोकॉमच्या फाइलमध्ये पहिल्या पोर्टची लिंक तुटली, जुडली, तुटली, अशा ओळींची रांग लागलेली. डब्याचा दोष नव्हता, लॅन केबलच्या आरजे45 टोकाचं क्रिंपिंग सैल. सेवा देणारा माणूस आधी ‘तुमचा राउटरच बदला’ म्हणत होता. ओळी वेळेसकट पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी येऊन टोक बदलून गेला.

मग नोव्हेंबर. सकाळी दिवाणजींचा फोन.

‘‘दादा, रात्री लाइट गेलती. डब्याचा दिवा लागलाय, पण नेट न्हाई.’’

बोगदा काढला, त्यांना डब्याची पिन काढून परत लावायला सांगितली. फर्मवेअर आलं, ग्रब आला, कर्नलच्या ओळी धावल्या आणि सगळं थांबलं. मी एक मिनिट वाट पाहिली, पुन्हा पिन काढायला लावली. पुन्हा तेच. मग माझाच नियम आठवला: शेवटचं कोण बोललं? कर्नल. पुढचा कोण? सिस्टीमडी, कर्नलनंतर बाकीचं सगळं सुरू करणारा. तो कुठे बोलतो? कन्सोल अनेक दिले तर कर्नल सगळ्यांवर लिहितो, पण मुख्य कन्सोल यादीतला शेवटचा ठरतो, आणि सिस्टीमडीचे सुरुवातीचे संदेश तिथेच जातात. माझ्या यादीत शेवटी टीटीवाय-शून्य. म्हणजे बिचारा नसलेल्या पडद्यावर ओरडत होता.

ग्रबमध्ये ई दाबून तो शब्द खोडला. तिथून बूट करायला एफ10 च्या नादी न लागता कंट्रोल-एक्स दाबायचं, सिरियलवर ते हमखास पोचतं. आता दिसलं: एका डिस्कची वाट पाहतोय, मर्यादा दीड मिनिट. दीड मिनिटानंतर इमर्जन्सी मोड, आणि त्याखाली रूट, म्हणजे सर्वाधिकारी, खातं बंद असल्यानं आत सोडता येत नाही असा निरोप. इन्स्टॉल करताना रूटचा पासवर्ड रिकामा ठेवला की खातं बंद राहतं, सगळं सुडोवर चालतं; तोही माझाच निर्णय.

‘‘दिवाणजी, डब्याला एक काळी डिस्क लावलेली होती, ती आहे का?’’

‘‘ती व्हय? ती सीएकडं दिलीय की. हिशोब हाय न्हवं त्यात.’’

बॅकअपची डिस्क. मी ती एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूट होताना जोडायच्या डिस्कांच्या यादीत, ‘नोफेल’ (नसली तरी पुढे जा) न लिहिता घातलेली. डबा बंद होईपर्यंत काही अडलं नाही. लाइट गेल्यावर पुन्हा उठताना तो डिस्कची वाट पाहत बसला. पुन्हा ग्रब, या वेळी टीटीवाय-शून्य खोडून ओळीच्या शेवटी इनिटच्या, म्हणजे सिस्टीमडीच्या, जागी थेट बॅश हा शेल. प्रॉम्प्ट आला. रूट विभाग लिहिण्यायोग्य करून माउंट केला, एफएसटॅबमध्ये ‘नोफेल’ लिहिलं, सिंक केलं, पिन काढून लावली. फोन ठेवेपर्यंत नेट आलेलं. पुणे ते तासगाव पाच तासांचा रस्ता वाचला.

यात एक खोचही आहे. मी जसा पासवर्डशिवाय आत शिरलो, तसा केबल घेऊन कोणीही शिरू शकतो. म्हणून कपाटाला कुलूप आहे, किल्ली दिवाणजींकडे.

किरकोळ तक्रारी: लॉगइन केल्यावर टर्मिनल 80 बाय 24 च समजतं, लांब ओळी एकमेकींवर चढतात, एसटीटीवाय या कमांडनं ओळी आणि रकाने सांगावे लागतात. मशीन पूर्ण गोठलं तर सिरियलवरून ब्रेक हा खास संकेत पाठवून पाच सेकंदांत एस, पुन्हा ब्रेक आणि बी, असं रीबूट करता येतं. डेबियनमध्ये एवढं मुळात चालू असतं. मला ते एकदाच लागलं, तेही घरी मुद्दाम करून पाहताना.

ज्यांना बॉक्समधून काढून लावलं की चालू हवंय, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. लांबच्या गावी डबा ठेवायचा असेल तर मी दुसरं काही घेणार नाही. मला दुसरा डबा मिळालाय, तो इन्स्टॉल करायला चाळीस मिनिटं लागली. कपाटाच्या दाराला आतून चिठ्ठी चिकटवली आहे: 115200, फ्लो कंट्रोल बंद, केबल नल मोडेम, डिस्क विचारल्याशिवाय काढू नये. शेवटची ओळ दिवाणजींनी स्वतःच्या हातानं लाल पेननं अधोरेखित केलीय.